वारा आणि प्रवाह : उत्तर हिंदी महासागराच्या अभ्यासातील एका गृहीतकाचा इतिहास

हिंदी महासागराच्या उत्तर भागातील वरचे पाणी वर्षातून दोनदा आपली दिशा पालटते, ही गोष्ट विज्ञानाने शोधून काढलेली नाही; ती दर्यावर्दी लोकांनी विज्ञानाला सांगितलेली आहे. इसवी सनाच्या नवव्या शतकात इब्न खुर्दाधबेह याने आणि दहाव्या शतकात अल्‌मसूदी याने या समुद्राचे पाणी वर्षाचा अर्धा काळ एका दिशेने व अर्धा काळ उलट दिशेने वाहते असे नोंदवून ठेविले आहे. ब्रूस वॉरन या अमेरिकन सागरवैज्ञानिकाने १९६६ साली या उल्लेखांकडे आपल्या व्यवसायबंधूंचे लक्ष वेधले, तेव्हा त्यांतील अनेकांना ते नवीनच होते. वाऱ्याचे पालटणे तर याहूनही जुन्या काळापासून ठाऊक होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रंथात त्याच्या आधाराने होणाऱ्या प्रवासाचे वर्णन आहे. वारा पालटतो आणि पाणीही पालटते, तेव्हा वारा हे कारण व पाण्याची गती हे कार्य, हा निष्कर्ष इतका सहज सुचणारा होता की त्याला कोणी निष्कर्ष म्हटलेच नाही. तो गृहीत धरला गेला.

या गृहीतकात दोन विधाने एकत्र गुंफलेली आहेत, आणि पुढील इतिहास समजून घेण्यासाठी ती वेगळी करणे अवश्य आहे. पहिले विधान असे, की या समुद्रातील प्रवाहांना शक्ती वाऱ्यापासून मिळते. हे आजही मान्य आहे. दुसरे विधान असे, की ज्या ठिकाणी जो वारा ज्या महिन्यात वाहतो, त्याच ठिकाणचा त्याच महिन्याचा प्रवाह तो निर्माण करतो. हे दुसरे विधान बहुतेक ग्रंथांत स्पष्टपणे मांडलेले आढळत नाही. परंतु ‘मोसमी वहन’ हा जो शब्दप्रयोग नाविक मार्गदर्शिकांत व पुढे भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत रूढ झाला, त्याच्या पोटात ते बसलेले होते. गेल्या साठ-सत्तर वर्षांत हिंदी महासागराच्या गतिशास्त्राचा जो विकास झाला, त्याचा मोठा भाग म्हणजे या दुसऱ्या विधानाशी झालेला झगडा होय. आणि तो झगडा वाटतो तितका सरळ नाही.

गृहीतक टिकून राहण्यास मोजमापाची रीत बऱ्याच अंशी कारणीभूत झाली. गलबताचा नाखवा आपला वेग व दिशा यांवरून चोवीस तासांनंतर आपण कोठे असावयास हवे याचा अंदाज बांधतो. सूर्य-ताऱ्यांच्या वेधावरून प्रत्यक्षात तो कोठे आहे हे कळते. या दोन स्थानांतील अंतर पाण्याच्या खात्यावर टाकले जाते. यालाच जहाजाचे वहन म्हणतात. कालमापक घड्याळे जहाजांवर आल्यानंतर, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, ही रीत पूर्व-पश्चिम दिशेतही विश्वसनीय झाली. परंतु सेकंदाला वीस सेंटिमीटर वाहणारा प्रवाह दिवसभरात जहाजाला केवळ नऊ सागरी मैल सरकवितो. वेधाची चूक मैल-दोन मैल असू शकते, आणि शिडांवर व जहाजाच्या उंच अंगावर बसणारा वारा स्वतःच जहाजाला ढकलतो. म्हणजे ज्या वाऱ्याचा व प्रवाहाचा संबंध तपासावयाचा, तोच वारा मापनयंत्रात शिरलेला असतो. एकेक नोंद अशी कच्ची असल्यामुळे हजारो नोंदी गोळा करून अक्षांश-रेखांशांच्या चौकोनांत महिनेवार सरासरी काढणे हाच उपाय उरला. सरासरीने चुका पुसल्या गेल्या हे खरे. पण त्यांबरोबर भोवरे, लाटा, एका वर्षाचा दुसऱ्या वर्षाशी असलेला फरक, हे सर्वही पुसले गेले. उरले ते ऋतूंचे चित्र, आणि ऋतूंच्या चित्रात वाऱ्याचा ठसा ठळक असणारच.

आणखी एक उणीव होती. नोंदी जहाजे जेथे जातात तेथल्याच असतात. आषाढ-श्रावणात कोकणची बंदरे शिडाच्या तारवांना बंद, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावर दर्या खुला, ही किनाऱ्याची रीत सर्वश्रुत आहे. वाफेची जहाजे आल्यावर पावसाळ्यातील नोंदी वाढल्या. तरी त्या एडनहून मुंबईकडे व कोलंबोकडे जाणाऱ्या मोजक्या मार्गांवरच दाटलेल्या राहिल्या.

या विचाराला पहिला प्रश्न विचारणारा पुरुष बंगालचा सर्व्हेअर जनरल म्हणून हिंदुस्थानच्या इतिहासात परिचित आहे. जेम्स रेनेल याने १७७७ साली हिंदुस्थान सोडले, आणि परतीच्या प्रवासातील व इतर जहाजांच्या नोंदींच्या आधारे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळील अगुल्हास प्रवाहाचा नकाशा १७७८ मध्ये सिद्ध केला. पुढे आयुष्यभर त्याने नोंदवह्या गोळा केल्या. अटलांटिकच्या प्रवाहांवरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८३२ साली निघाला. रेनेलने प्रवाहांचे दोन प्रकार मानले. वाऱ्याने पृष्ठभागावरील पाणी थेट ढकलले जाते ते वहन; आणि असे ढकललेले पाणी एखाद्या किनाऱ्याशी अडून साचले की तेथून ते वाऱ्याची पर्वा न करता वाट काढते, ती धारा. धारेचे कारण धारेच्या ठिकाणी शोधू नये, असा या भेदाचा अर्थ. त्याने तो मुख्यतः अटलांटिकसाठी मांडला. मोसमी समुद्राला तो लावून पाहण्याचे काम त्याच्यामागून कोणी मनावर घेतले नाही, आणि याचे नवल वाटावयास हवे. कारण ज्याने तो भेद केला त्याची उमेदीची वर्षे बंगालच्या उपसागराच्या मुखाशीच गेली होती.

नाविकांच्या नोंदींत मात्र विसंगती साचत राहिली. ए. जी. फिंडले याने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदी महासागराच्या नौकानयन-निर्देशिकेत सोमालियाच्या किनाऱ्यापुढे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात प्रवाहाचे एक प्रचंड चक्र फिरते असे वर्णन आले आहे. ज्या किनाऱ्यावरून वारा सरळ ईशान्येकडे धावतो, तेथे पाणी गोल फिरून दक्षिणेकडे परतते, ही गोष्ट ‘मोसमी वहना’त कोठेही बसत नव्हती. तिचा उपयोग खलाशांनी केला. अभ्यासकांनी ती जवळजवळ शंभर वर्षे बाजूस ठेविली.

विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्धांताची बाजू बदलली. नान्सेनने ‘फ्राम’ जहाजाच्या १८९३ ते १८९६ च्या ध्रुवीय प्रवासात पाहिले की हिमखंड वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे सरकतात. एकमनने १९०५ साली पृथ्वीच्या भ्रमणाचा हिशेब करून त्याची उपपत्ती दिली, आणि वाऱ्याने हलविलेल्या सर्व थराचे एकूण वहन उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या उजवीकडे काटकोनात होते असे दाखविले. वारा जिकडे पाणी तिकडे, ही कल्पना येथेच मोडली. त्याच सुमारास स्कँडिनेव्हियन अभ्यासकांनी निराळी वाट काढली. समुद्रात निरनिराळ्या खोलीवरचे तपमान व क्षारता मोजावी, त्यांवरून घनता काढावी, घनतेच्या उतारावरून दाब काढावा आणि दाब व भूभ्रमणबल यांच्या समतोलावरून प्रवाह गणिताने काढावा, ही ती वाट. प्रवाह प्रत्यक्ष न मोजता त्याची गती सांगणारी ही पद्धती मध्य अक्षांशांत फार फलदायी ठरली. उष्ण कटिबंधात मात्र तिची पंचाईत होते. विषुववृत्ताकडे जावे तसे भूभ्रमणबलाचा क्षितिजसमांतर घटक क्षीण होत जातो व विषुववृत्तावर तो शून्य होतो. ज्या समतोलावर गणित उभे आहे तो समतोलच तेथे उरत नाही. शिवाय ही पद्धती समुद्र स्थिर आहे असे मानते, आणि समुद्र स्थिर नव्हता.

याचे प्रत्यंतर हिंदी समुद्रांतच आले. रॉबर्ट सेमूर सूएल यांनी ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावर केलेल्या कामाने आणि पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावर १९३३-३४ मध्ये झालेल्या जॉन मरे मोहिमेने अरबी समुद्राच्या खोल भागाची पहिली सुसंगत माहिती मिळाली होती. तथापि, जहाज एका ठिकाणी एकदा थांबते, बाटल्या सोडते, तपमान वाचते आणि पुढे जाते. त्या घटकेला खालचे थर कोठे होते एवढेच त्यावरून कळते. १९५२-५३ मध्ये यूजीन लाफाँड हे अमेरिकन सागरवैज्ञानिक विशाखापट्टणम येथे आंध्र विद्यापीठात आले. १९५५-५६ मध्ये ते पुन्हा आले. त्यांच्याबरोबर तपमान-आलेखक हे साधे यंत्र आले. काळसर लेप दिलेल्या काचेच्या पट्टीवर एक टोकदार सुई खोलीबरोबर बदलणाऱ्या तपमानाची रेघ ओढते, आणि जहाज चालत असतानाही ते मिनिटांत वर-खाली करता येते. भारतीय आरमाराच्या जहाजांवरून व किनाऱ्याजवळून वारंवार घेतलेल्या अशा रेघांवरून लाफाँड व पूर्णचंद्र राव यांनी १९५४ साली दाखविले की बंगालच्या उपसागरात तपमानाचे थर भरती-ओहोटीच्या कालावधीने वर-खाली होत असतात. पृष्ठभाग शांत दिसत असताना आतील पाणी हिंदकळत असते.

या अंतर्गत लाटांचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय पुढील कथेचा धागा सापडणार नाही. समुद्राच्या वरच्या भागात तापलेले हलके पाणी, खाली थंड जड पाणी, व त्यांच्यामध्ये तपमान झपाट्याने उतरणारा एक पातळ संक्रमण-थर, अशी उष्ण कटिबंधातील रचना आहे. हवा आणि पाणी यांच्या घनतेत प्रचंड तफावत असते. या दोन पाण्यांच्या घनतेत ती शेकड्याला एका भागाहूनही कमी असते. म्हणून संक्रमण-थर थोड्या शक्तीने पुष्कळ हलतो, आणि हललेला थर पूर्वस्थितीला येण्यास फार वेळ घेतो. चार हजार मीटर खोल समुद्रात पृष्ठभागावरील दीर्घ लाट सेकंदाला दोनशे मीटर वेगाने जाते. आतील लाट त्याच समुद्रात दोन-तीन मीटरांनी जाते. वर दहा-वीस सेंटिमीटरांचा फुगवटा असेल तेथे आत संक्रमण-थर पन्नास मीटर खचलेला असू शकतो. अंदमान समुद्रात पाण्यावर खळखळणारे लांबच लांब पट्टे एकामागून एक सरकताना दिसतात, हे एकोणिसाव्या शतकातील नाविकांनी नोंदविलेले होते. त्याचे कारण असेच निघाले. १९६४ साली ‘पायोनियर’ या अमेरिकन सर्वेक्षण-जहाजाने सुमात्राच्या वायव्येस सुमारे ऐंशी मीटर उंचीच्या अंतर्गत लाटा पाहिल्या आणि पेरी व शिम्के यांनी त्या पुढील वर्षी प्रसिद्ध केल्या. ऑस्बोर्न व बर्च यांनी १९८० मध्ये दाखविले की निकोबार-सुमात्रा भागातील उथळ उंबऱ्यांवरून भरतीचे पाणी जाताना या लाटा सुटतात, आणि त्या आपला आकार न मोडता शेकडो किलोमीटर जाणाऱ्या एकाकी लाटांच्या वर्गातील आहेत.

याचा मोजमापाशी संबंध उघड आहे. एखाद्या ठिकाणी एकदाच सोडलेल्या बाटलीने संक्रमण-थर वीस मीटर वर पकडला, तर तो प्रवाहामुळे वर आला की तासा-दोन तासांत निघून जाणाऱ्या लाटेमुळे, हे सांगण्यास मार्ग नाही. जुन्या अनेक छेदचित्रांतील प्रवाह असे लाटांचे भास असण्याचा संभव आहे.

१९५९ ते १९६५ या काळात झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने अभ्यासाचा काळ बदलला असे म्हणण्याची प्रथा आहे. सुमारे चाळीस जहाजे तीत होती. भारताचे ‘किस्तना’ हे आरमारी जहाज त्यांपैकी एक. तिच्या सामग्रीवरून क्लाउस विर्टकी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला नकाशासंग्रह आजही उघडला जातो, आणि तिच्याच अनुषंगाने १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था पुढे गोव्यात दोना पावला येथे स्थिरावली. परंतु या लेखाच्या विषयापुरते पाहिले तर मोहिमेचा खरा लाभ नकाशांत नसून दोन-तीन ठिकाणच्या प्रत्यक्ष मापनांत आहे. १९६४ च्या पावसाळ्यात जॉन स्वॉलो व जॉन ब्रूस यांनी सोमाली प्रवाह मोजला आणि त्याचा वेग किनाऱ्यालगत सेकंदाला तीन मीटरांवर जातो असे आढळले. जगातील अत्यंत वेगवान सागरप्रवाहांत त्याची गणना होते. नॉस व टॅफ्ट यांनी विषुववृत्ताखाली पूर्वेकडे जाणारा अधःप्रवाह शोधला, पण पॅसिफिकमध्ये वर्षभर असणारा हा प्रवाह येथे काही महिनेच दिसतो असे त्यांना आढळले.

सोमाली प्रवाहाविषयी १९६९ साली सर जेम्स लाइटहिल यांनी जो निबंध लिहिला, त्याने हा विषय गणितज्ञांच्या चर्चेत आणला. त्यांचे म्हणणे असे. मोसमी वारा मध्य समुद्रावर अचानक सुरू होतो. तेथे संक्रमण-थर हलतो. ही हालचाल दीर्घ अंतर्गत लाटांच्या रूपाने पश्चिमेकडे जाते व आफ्रिकेच्या किनाऱ्याशी साचून प्रवाह उत्पन्न करते. मध्य अक्षांशांत अशा लाटांना महासागर ओलांडण्यास वर्षे लागतात; विषुववृत्ताजवळ काही आठवडे पुरतात. म्हणून सोमाली प्रवाह स्थानिक वाऱ्याचे कार्य नसून दूरच्या वाऱ्याचे असू शकते, आणि मोसमी वारा सुरू झाल्यापासून सुमारे एका महिन्यात तो उभा राहावा. रेनेलच्या धारेला दोन शतकांच्या आत गणित मिळाले, असे कोणी म्हटले तर ते अगदीच चुकीचे होणार नाही. फरक एवढाच की रेनेलला पाणी स्वतः वाहून येते असे वाटत होते. लाइटहिल यांच्या मांडणीत पाणी फारसे जात नाही, फक्त बातमी जाते.

मांडणी सुंदर होती. निरीक्षण तिच्याविरुद्ध गेले. लीटमा यांनी १९७० साली किनाऱ्यालगत घेतलेल्या मापनांवरून दाखविले की प्रवाह उत्तरेकडे वळतो तो अरबी समुद्रावर मोसमी वारा स्थिर होण्याच्या सुमारे महिनाभर आधी, किनाऱ्यावरचा वारा दक्षिणेकडून वाहू लागल्याबरोबर. कार्य कारणाच्या आधी येऊ शकत नाही. स्थानिक वाऱ्याचे जुने गृहीतक, ज्या जागी ते सर्वांत दुबळे मानले गेले होते, तेथेच विजयी झाले. १९७९ च्या विस्तृत मापनमोहिमेनंतर प्रारंभीचा वळसा स्थानिक वाऱ्याचा, या मताला आणखी बळ मिळाले.

परंतु तो निर्णयही अखेरचा ठरला नाही. फिंडलेचे प्रचंड चक्र मधल्या काळात पुन्हा प्रकाशात आले होते. ब्रूस यांनी इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या तेलवाहू जहाजांवरून टाकाऊ तपमान-शोधके सोडण्याची व्यवस्था केली, आणि १९७० नंतरच्या दशकात दरसाल या चक्राचे छेद मिळू लागले. चार-पाचशे किलोमीटर व्यासाचा, उजवीकडे फिरणारा हा भोवरा मोसमी वारा ओसरल्यानंतरही आठवडेच्या आठवडे टिकतो. पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या उपग्रहांच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी हाती आल्यावर २०१३ साली बील व डोनोह्यू यांनी दाखविले की या चक्राचा आरंभ मोसमी वाऱ्याच्या पुष्कळ आधी, पूर्वेकडून आलेल्या दीर्घ लाटांच्या आगमनाबरोबर होतो. म्हणजे लाइटहिल यांनी सांगितलेल्या लाटा होत्या. परंतु त्या त्यांनी गृहीत धरलेल्या वाऱ्याने त्याच वर्षी सुटलेल्या नव्हत्या. वारा येण्यापूर्वी समुद्र कोऱ्या पाटीसारखा स्वस्थ बसलेला असतो, हे मूळ गृहीतच बरोबर नव्हते.

भोवऱ्यांचा प्रश्न येथे थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण त्याचा इतिहास बहुधा अटलांटिकपासून सांगितला जातो. स्वॉलो यांनी १९५५ मध्ये तयार केलेले तरंगक ठराविक खोलीवर पाण्याबरोबर वाहतात व ध्वनीने आपली जागा कळवितात. १९५९-६० मध्ये ‘एरीज’ या लहान जहाजावरून ते बर्म्यूडाजवळ सोडले गेले, तेव्हा खोल पाणी संथपणे एका दिशेस सरकत असेल ही अपेक्षा फोल ठरली. तरंगक दहापट वेगाने वेगवेगळ्या दिशांना गेले. हे महासागरी भोवऱ्यांचे पहिले स्पष्ट दर्शन. त्यानंतर सोव्हिएट अभ्यासकांनी एका मर्यादित चौकोनात नांगरलेल्या प्रवाहमापकांचे जाळे दीर्घकाळ ठेवण्याची पद्धती अवलंबिली. १९७० चे अटलांटिकमधील काम प्रसिद्ध आहे. त्याची तालीम मात्र १९६७ साली अरबी समुद्रात झाली होती, आणि खुल्या समुद्रातील भोवऱ्यांसारखी रचना तेथे दिसली होती. ज्या समुद्राला केवळ मोसमी वाऱ्याचा आरसा समजले जात होते, तेथे ऋतूशी ज्यांचे नाते नाही अशा हालचाली आहेत, याचा हा पुरावा त्या वेळी फारच थोड्यांनी वाचला.

आता हिंदुस्थानच्या किनाऱ्याकडे वळावयाचे. विर्टकी यांनी १९७३ साली जहाजांच्या वहनाच्या जुन्या सरासऱ्या नव्याने वाचल्या आणि त्यांत विषुववृत्तावर पूर्वेकडे धावणारा एक अरुंद, वेगवान प्रवाह हेरला. तो वर्षातून दोनदा, वैशाखाच्या व कार्तिकाच्या सुमारास, दोन मोसमांच्या मधल्या काळात उठतो. त्या वेळी विषुववृत्तावर वारा पश्चिमेकडून वाहतो. नॉक्स यांनी मालदीवच्या दक्षिणेतील गान बेटाजवळ १९७३ ते १९७५ मध्ये घेतलेल्या मापनांनी तो खरा असल्याचे सिद्ध झाले. हा प्रवाह स्थानिक वाऱ्याचाच आहे. त्याचे महत्त्व पुढच्या परिणामात आहे. तो सुमात्राशी जाऊन थडकला म्हणजे त्याची चाहूल अंतर्गत लाटेच्या रूपाने किनारा धरून निघते. किनारा उजव्या हातास ठेवून ही लाट उत्तर गोलार्धात अंदमान समुद्र, ब्रह्मदेश, गंगेचे मुख, आंध्र, तामिळनाडू असा बंगालच्या उपसागराचा फेरा घालते, श्रीलंकेला वळसा देते व केरळावरून कोकणाकडे चढते. केल्व्हिन यांनी १८७९ साली वर्णिलेल्या लाटेचाच हा अंतर्गत प्रकार.

पश्चिम किनाऱ्यावर ‘जेथे वारा तेथे प्रवाह’ हे विधान तपासण्याची संधी फार चांगली आहे, कारण किनाऱ्याला समांतर असा वाऱ्याचा घटक येथे जवळजवळ वर्षभर दक्षिणेकडेच असतो. पावसाळ्यात तो जोराचा असतो, हिवाळ्यात मंद. गृहीतक खरे असते तर प्रवाहही बारमास दक्षिणेकडे राहता. पावसाळ्यात तो तसा असतो. परंतु नोव्हेंबर ते जानेवारी या काळात तो वाऱ्याविरुद्ध उत्तरेकडे वाहतो आणि बंगालच्या उपसागरातील कमी क्षारतेचे पाणी बरोबर आणतो. दोना पावल्याच्या संस्थेतील सतीश शेट्ये व शेणॉय यांनी १९८८ साली जहाजांच्या वहनाच्या नोंदींवरून भारताच्या दोन्ही किनाऱ्यांचे ऋतुचक्र मांडले, तेव्हा ही विसंगती ठळक झाली. पूर्व किनाऱ्यावरही तोच प्रकार: मार्च-एप्रिलात, मोसमी वारा सुरू होण्यापूर्वी, प्रवाह उत्तरेकडे सर्वांत जोमदार असतो, आणि जुलैत वाऱ्याचा जोर शिगेला पोचतो तेव्हा तो विस्कळीत झालेला असतो. ‘सागर कन्या’ या जहाजावरून घेतलेल्या निरीक्षणांच्या आधारे शेट्ये व सहकाऱ्यांनी १९९० व १९९१ साली पश्चिम किनाऱ्याच्या दोन्ही ऋतूंतील प्रवाहाची उभी रचनाही दाखवून दिली.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १९८८ चा पुरावा नवा नव्हता. तशाच नोंदी नेदरलँड्सच्या हवामान-संस्थेने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदी महासागराच्या नकाशासंग्रहात होत्या, आणि त्याआधी कप्तानांच्या वह्यांत होत्या. प्रवाह वाऱ्याविरुद्ध जातो असे दाखविणारे बाण डोळ्यांसमोर असताना ते नोंदींच्या कच्चेपणाच्या खात्यावर ढकलले गेले. नोंदी कच्च्या होत्या, ही सबबही खोटी नव्हती. म्हणूनच ती इतकी वर्षे चालली.

मॅक्रीरी, कुंडू व मोलिनारी यांनी १९९३ साली संगणकीय प्रतिकृतीत वाऱ्याचे तुकडे वेगवेगळे करून पाहिले. बंगालच्या उपसागरातील वारा बंद केला तर हिवाळ्यातील पश्चिम किनाऱ्याचा उत्तरगामी प्रवाह क्षीण होतो. अरबी समुद्रातील वारा बंद केला तरी तो बराचसा राहतो. शंकर व शेट्ये यांनी १९९७ साली याच वाटेने लक्षद्वीपाजवळच्या फुगवट्याचे कोडे सोडविले. दर हिवाळ्यात तेथे समुद्राची पातळी उंचावते, तिच्याभोवती पाणी उजवीकडे फिरते, आणि मग तो फुगवटा हळूहळू पश्चिमेकडे सरकू लागतो. किनाऱ्याने आलेली लाट तेथून दीर्घ लाटा पश्चिमेकडे सोडते. त्यांचाच तो समूह. बंगालच्या उपसागरावरचा वारा लक्षद्वीपचे पाणी फिरवितो, आणि त्यातून सुटलेल्या लाटा अरबी समुद्राच्या अंतर्भागात पोचतात.

इतके झाल्यावर दूरच्या वाऱ्याचा सिद्धांत हेच नवे गृहीतक होऊन बसण्याचा धोका होता, व काही अंशी तसे झालेही. त्याला उत्तर मिळाले ते नांगरलेल्या ध्वनी-प्रवाहमापकांकडून. हे यंत्र तळाजवळून ध्वनी सोडते व पाण्यातील सूक्ष्म कणांवरून परतलेल्या ध्वनीच्या स्वरातील बदलावरून निरनिराळ्या खोलीवरचा वेग सांगते. २००८ च्या सुमारास गोव्याच्या संस्थेने खंडान्त उतारावर व सागरमग्न खंडभूमीवर अशी यंत्रे नांगरण्यास आरंभ केला. पुढे पूर्व किनाऱ्यावरही ती लावली गेली. पहिल्या काही वर्षांच्या नोंदींतच असे दिसले की गोवा व मुंबई यांच्यापुढील उतारावर महिना-दोन महिन्यांत उलटसुलट होणारे चढउतार ऋतुमानाच्या बदलाइतके, पुष्कळदा त्याहूनही मोठे असतात. एखाद्या जानेवारीत प्रवाह उत्तरेकडे असतो, पंधरवड्याने दक्षिणेकडे, पुन्हा उत्तरेकडे. दोन शतकांच्या सरासऱ्यांनी जे पुसले होते ते येथे रेषेच्या रूपाने कागदावर उमटले. आणि खंडभूमीवरील यंत्रांत त्यावर भरती-ओहोटीच्या अंतर्गत लाटांची, लाफाँड यांनी विशाखापट्टणमजवळ पाहिली होती तशी, बारीक नक्षीही आहे. या चढउतारांपैकी किती दक्षिणेकडून किनारा धरून आलेले, किती जागच्या वाऱ्याने उठलेले व किती खुल्या समुद्रातून सरकत आलेल्या भोवऱ्यांचे, याचा हिशेब प्रत्येक ठिकाणासाठी व प्रत्येक वर्षासाठी निराळा करावा लागतो.